पाकीट तेवढंच, माल कमी : कंपनीला सरळ लिहायचं की नाही?

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी चिंचवडला राहते, घरात आम्ही पाच जण. माझा प्रश्न अगदी साधा आहे. मुलांच्या डब्यासाठी मी गेली कित्येक वर्षं एकच शेवेचं पाकीट आणते, 20 रुपयांचं. परवा मुलगी म्हणाली आई यात हवाच जास्त आहे, म्हणून जुनं रिकामं पाकीट शोधलं (मी त्यात कढीपत्ता ठेवते फ्रीजमधे) तर त्यावर 120 ग्रॅम आणि नव्यावर 95! रंग तोच, उंची तीच, किंमत तीच. मला इतका राग आला ना. मी म्हटलं कंपनीला मेल करते, तर आमचे हे म्हणतात त्यांना असे हजार मेल येतात, कोण वाचतंय, परवडत नसेल तर घेऊ नको. लिहून खरंच काही होतं का? की उगाच वेळ घालवायचा?

उत्तर : लिहा. आजच लिहा, आणि ते जुनं पाकीट कढीपत्त्यासाठी वापरलंत म्हणून तुमच्या हातात पुरावा आहे, तो टाकू नका. बहुतेक जणांकडे नेमका तोच नसतो, फक्त "पूर्वी जास्त यायचं हो" एवढंच असतं आणि त्याला कंपनी सहज उत्तर देते की मॅडम वजन पाकिटावर छापलेलं आहे.

आधी हिशोब करू. 20 रुपयांत 120 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला साधारण 16.7 पैसे. 20 रुपयांत 95 ग्रॅम म्हणजे ग्रॅमला 21 पैसे. म्हणजे शेव 26 टक्के महाग झालीय आणि किमतीचा आकडा जागचा हलला नाही! हेच त्यांनी 20 चे 25 केले असते तर तुम्हाला दुकानातच कळलं असतं, तुम्ही दोन मिनिटं थांबला असता, शेजारचं पाकीट उचललं असतं. वजन कमी केलं की तो थांबण्याचा क्षणच येत नाही, आणि माझा खरा आक्षेप त्याला आहे. महागाई सगळ्यांनाच आहे, बेसन तेल महागलं की त्यांचाही खर्च वाढतो हे मला मान्य आहे, पण मग तसं समोर सांगा ना.

आता कायद्याचं बोलू, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. शेव बिस्किटं फरसाण यांची किंमत किती असावी हे सरकार ठरवत नाही, एमआरपी कंपनीच ठरवते आणि ती वाढवणं किंवा वजन घटवणं हा गुन्हा नाही. पूर्वी चहा, कॉफी, बिस्किटं, ब्रेड, मीठ, खाद्यतेल, आटा-रवा अशा वस्तूंची एक यादी होती आणि त्यांची पाकिटं किती वजनाची असावीत ते त्यात ठरवून दिलेलं होतं. 2021 मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमात दुरुस्ती झाली आणि ती यादीच काढून टाकली, त्यामुळे आता त्या वस्तूंचंही कंपनी हवं त्या वजनाचं पाकीट काढू शकते. पण त्याच दुरुस्तीत एक चांगली गोष्ट आली, युनिट सेल प्राइस. म्हणजे पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात ग्रॅमचा भाव छापायला लागतो (एक किलोच्या वरचं पाकीट असेल तर किलोचा). चष्मा लावून बघा, सापडेल. मी वाण्याकडे गेले की आता फक्त तेवढंच वाचते.

मला हे कळलं ते तेलामुळे. आमच्याकडे स्टीलची तेलाची बरणी आहे, एक लिटरची पिशवी ओतली की बरोबर गळ्याच्या खाचेपर्यंत तेल येतं, सासूबाईंच्या वेळेपासून तेच माप. एकदा पिशवी ओतली, चांगली पिळून पिळून ओतली, तरी तेल खाचेच्या दोन बोटं खाली. मला वाटलं पिशवी गळली असेल, कट्टा पुसला, तर कोरडा. मग पिशवी उलटी करून वाचलं, 750 ग्रॅम. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं, मी आपली पिशवीच्या आकारावरून एक लिटर समजून घेत होते आणि दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या असतात, लांबून ओळखूच येत नाहीत.

मी त्या कंपनीला मेल केला. आधी आपोआप येणारं उत्तर आलं, तक्रार क्रमांक वगैरे. चार दिवसांनी एका मुलीचा फोन आला, अगदी नीट बोलली बिचारी, पण तेच, वजन छापलेलं आहे मॅडम. मी म्हटलं छापलंय हे मान्य, माझं म्हणणं एवढंच आहे की ते पुढच्या बाजूला ठळक छापा आणि एक लिटरच्या पिशवीपेक्षा ही वेगळी दिसू द्या. ती म्हणाली पुढे कळवते. भाव काही कमी झाला नाही आणि मी ते तेल बंद केलं, आणि बंद केलं हेही त्यांना लिहून कळवलं. ते कळवणं मला महत्त्वाचं वाटतं. आपण गुपचूप ब्रँड बदलला तर त्यांना फक्त एवढंच दिसतं की विक्री जरा घटली, का घटली ते समजत नाही, मग ते जाहिरात वाढवतात किंवा दुकानदाराला एक स्कीम जास्त देतात, वजनाकडे कुणी बघतच नाही. आणि "कोण वाचतंय" म्हणाल तर तो मेल निदान एक माणूस तरी वाचतो आणि कुठल्या तरी कप्प्यात टाकतो, पॅकिंग, चव, किंमत वगैरे. किमतीच्या कप्प्यात काही पडलंच नाही तर कंपनी काय समजणार? की कुणाचं काही म्हणणं नाही.

म्हणून लिहा, पण रागाच्या भरात "तुम्ही लुटताय" असं लिहू नका, त्याला उत्तर देणं त्यांना फार सोपं असतं. पाकिटाच्या मागे ग्राहक तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापणं सक्तीचं आहे, तिथेच पाठवा. साधारण असं लिहा : "मी तुमची शेव इतकी वर्षं घेते. जुन्या पाकिटात 20 रुपयांत 120 ग्रॅम होती, नव्यात 95 ग्रॅम आहे, दोन्हीचे फोटो बॅच नंबरसकट जोडलेत. ग्रॅममागे भाव 26 टक्के वाढलाय. हा बदल पाकिटावर पुढच्या बाजूला का सांगितला नाही, आणि यापुढे सांगणार का, याचं उत्तर हवंय." झालं. एकच प्रश्न विचारा, चार प्रश्न विचारले की ते सगळ्यात सोप्याचं उत्तर देऊन मोकळे होतात.

फ्रान्समधे 2023 मध्ये कारफूर या मोठ्या दुकान-साखळीनेच शेल्फवर पाट्या लावल्या होत्या की या वस्तूचं वजन कमी झालंय आणि भाव वाढलाय, आणि 1 जुलै 2024 पासून तिथे मोठ्या दुकानांना असं दोन महिने लिहून लावायची सक्तीच झाली. आपल्याकडे तसा नियम नाही, तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या मिस्टरांना सांगा, मेल लिहायला दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : मी नाशिकला किराणा दुकान चालवतो. लोक आमच्यावर ओरडतात की पुडा छोटा झाला, भाव वाढवला, जीएसटी कमी झाला तरी तुम्ही देत नाही. अहो आम्ही काय करणार, आमच्या हातात काय आहे? तुमच्यासारखे लोक ग्राहकांना तक्रार करा तक्रार करा म्हणतात आणि सगळं आमच्या गल्ल्यावर येतं.

उत्तर : भाऊ, तुमचं दुखणं अगदी खरं आहे आणि म्हणूनच मी म्हणते की वजनाची आणि छापील किमतीची तक्रार दुकानदाराशी भांडून करू नका, जो छापतो त्याला करा. गिऱ्हाईक चिडलं तर पाकीट उलटं करून मागचा नंबर त्याला दाखवा, तुमचाही त्रास वाचेल. आणि एक रस्ता तुमच्याकडेच आहे जो आमच्याकडे नाही, कंपनीचा सेल्समन. तो ऑर्डर घ्यायला येतो तेव्हा सांगा की या पुड्याबद्दल या आठवड्यात एवढ्या जणांनी कुरकुर केली आणि एवढ्यांनी दुसरा ब्रँड नेला. आमच्या मेलपेक्षा ते लवकर वर पोचतं कारण त्याच्या टार्गेटचा प्रश्न असतो.

पण जीएसटीचं तुम्ही काढलंत तर दोन्ही बाजू बोलायला हव्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं आणि चॉकलेट 18 टक्क्यांवरून 5 वर आली, तूप, लोणी, चीज, नमकीन, जॅम हे 12 वरून 5 वर, आणि पाकिटातलं पनीर शून्यावर. आता 12 वरून 5 म्हणजे किंमत सात टक्क्यांनी उतरते असं नाही हं, सव्वासहा टक्क्यांनी उतरते. 600 रुपयांची तुपाची बरणी 562.50 ला यायला हवी. माझ्या ओळखीच्या एकीने ऑक्टोबरात जुन्याच छापील किमतीला तूप घेतलं, दुकानदार म्हणाला जुना स्टॉक आहे. जुना स्टॉक असला तरी बिल आज फाडताय ना, मग कर आजच्याच दराने लागतो! तिने बरणीवरच्या नंबरवर फोन केला, कंपनीने नवीन दराची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली, ती तिने काउंटरवर दाखवली आणि फरक परत मिळाला. भांडण नाही, आवाज नाही. तेव्हा तुम्हीही डिस्ट्रिब्युटरकडून ती यादी मागून घ्या आणि दुकानात लावा.

पाच रुपयाच्या बिस्किट पुड्याचं मात्र वेगळं आहे. 18 टक्के कर धरून जो 5 रुपयांना होता तो 5 टक्क्यांनी 4.45 ला यायला हवा, पण 4.45 सुटे देणार कोण? म्हणून 5 रुपये तसेच ठेवून माल वाढवणं हा सरळ मार्ग, आणि तो वाढायला हवा 12 टक्क्यांहून थोडा जास्त. 50 ग्रॅमचा पुडा असेल तर 56 ग्रॅम. वाचकांनो, आपला नेहमीचा पुडा घ्या आणि बघा वाढलाय का. वाढला नसेल तर कंपनीला लिहायला याहून चांगलं कारण नाही, कारण इथे त्यांचा खर्च वाढल्याची सबब नाही, हा सरकारने सोडलेला पैसा आहे आणि तो आपल्यापर्यंत यायला हवा. जीएसटीतल्या नफेखोरीच्या नवीन तक्रारी 1 एप्रिल 2025 पासून घेणं बंद झालंय, पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनने, म्हणजे 1915 ने, दरकपातीच्या वेळी जीएसटीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग केला, तिथे नोंदवता येतं.

आणि भाऊ, राग मानू नका, पण थंड बाटलीवर "कूलिंगचे" दोन रुपये जास्त घेणं बेकायदा आहे. एमआरपीत सगळं आलं. तुम्ही घेत नसालच, पण घेणारे आहेत, आणि त्यांची तक्रार थेट वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं आणि एमआरपी बघणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते.

प्रश्न : ताई मी ठाण्याला कॉलेजमध्ये आहे. मॉलच्या थिएटरमध्ये पाण्याची बाटली बाहेरच्यापेक्षा कितीतरी महाग, आणि बाटलीवर तीच जास्तीची किंमत छापलेली असते! हे चालतं का? आणि हॉटेलात पण जास्त लावतात.

उत्तर : 1 जानेवारी 2018 पासून नियम असा आहे की तीच कंपनी, तीच वस्तू, तेवढाच माल आणि जागेप्रमाणे एमआरपी वेगळी असं अनुचित पद्धतीने करता येत नाही. तेव्हा आधी दोन्ही बाटल्या नीट बघ, ब्रँड आणि मिली अगदी सारखं आहे का, कारण बऱ्याचदा थिएटरमधली बाटली वेगळ्याच नावाची असते आणि मग हा नियम लागत नाही. सारखी असेल तर दोन्हीचे फोटो, दोन्ही बिलं, आणि कंपनीला आणि वैधमापनला एकाच वेळी पाठव. इथे नुसतं कंपनीला लिहून थांबू नकोस.

हॉटेलचं वेगळं आहे. तू बसून खातोस, तो तुला सेवा देतो, म्हणून तिथे बाटलीच्या एमआरपीचं बंधन नाही असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर 2017 चा निकाल आहे. मला स्वतःला तो पटत नाही, पण आहे तो आहे.

प्रश्न : मी साताऱ्याहून लिहितोय, निवृत्त शिक्षक. भाववाढीबद्दल मी एफएसएसएआयला (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाला) दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. मग कंपनीला लिहिलं, त्यांनी "आपल्या सूचनेची नोंद घेतली" एवढंच कळवलं. आता पुढे काय?

उत्तर : सर, एफएसएसएआयचा किमतीशी संबंध नाही. भेसळ, खराब माल, मुदत उलटलेला माल, लेबलवरची घटकांची माहिती हे त्यांचं, आणि इथे आपल्या अन्न व औषध प्रशासनाचं. वजन-माप आणि एमआरपी वैधमापनचं. आणि एमआरपी छापलेली आहे, वजन बरोबर आहे, फक्त महाग आहे, तर ती कुठल्याच कार्यालयाची तक्रार होत नाही, ते फक्त कंपनीलाच सांगता येतं. तुमचं पत्र या शेवटच्या प्रकारात असेल तर "नोंद घेतली" हेच उत्तर येणार, पण एकदा परत लिहा आणि आकडे घाला.

मात्र एक करा सर, पाकीट न फोडता काट्यावर ठेवून बघा, मग रिकाम्या वेष्टनाचं वजन वजा करा. छापलेल्या वजनात थोडा फरक नियमाला मान्य आहे, 500 ग्रॅमच्या पाकिटात 15 ग्रॅमपर्यंत. त्याहून कमी भरलं तर तक्रार भाववाढीची राहत नाही, कमी माल दिल्याची होते आणि तिथे तुमची बाजू पक्की आहे. दुसरं पाकीट न फोडता जपून ठेवा, बिल ठेवा. आधी कंपनी, मग 1915. तिथे मराठीत बोलता येतं, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या त्यांच्याशी जोडलेल्या आहेत त्यामुळे तक्रार थेट कंपनीच्या माणसाकडे जाते आणि उत्तर द्यायला लागतं. माझा अनुभव असा की ज्या मेलला नुसती नोंद मिळाली होती त्यालाच 1915 मार्गे गेल्यावर पूर्ण उत्तर आलं.

तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, ऑनलाइन पण भरता येतं. तमिळनाडूत तिरुवळ्ळूरच्या आयोगाने 2023 मध्ये एका बिस्किट पुड्यावरून कंपनीला 1 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली होती. पुड्यावर 16 बिस्किटं लिहिली होती, आत निघाली 15. कंपनी म्हणाली आम्ही वजनावर विकतो, आयोग म्हणाला मग वेष्टनावर संख्या कशाला लिहिलीत. एक बिस्किट, सर! त्या माणसाने मोजून बघितलं म्हणून झालं ते.

प्रश्न : बाळ, मी दादरची. 1972 साली आम्ही मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलो होतो, थाळ्या वाजवल्या होत्या. तेल, रवा, साखर सगळ्यासाठी. आता माझी सून फोनवरून कंपनीला ईमेल करते आणि म्हणते झाली तक्रार. एकटीच्या ईमेलला काय जोर असणार गं? मला तर हे काही खरं वाटत नाही.

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी आईसुद्धा त्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या मोर्चात होती, आमच्या घरी त्याची गोष्ट कायम निघायची, की कधी सभेलासुद्धा न गेलेल्या बायका थाळी आणि लाटणं घेऊन चाळीतून खाली उतरल्या. त्यामुळे तुम्ही म्हणताय ते मला आतून कळतं. तुमचा राग सरकारवर होता, रेशनवर होता, साठेबाजांवर होता, आणि तेव्हा शंभर घरांत एकच प्रश्न होता. आता प्रत्येक घरात पाकीट वेगळं, ब्रँड वेगळा, म्हणून एकटी एकटीच चिडतेय. सूनबाईंचं चूक नाही, त्यांनी एक पाऊल टाकलंय, पण एकटीच्या मेलला जोर कमी हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

तरी त्याच मेलच्या आणि फोनच्या जमान्यात हे झालेलंही आहे. इस्राएलमधे जून 2011 मध्ये लोकांनी फेसबुकवर ठरवलं की कॉटेज चीज घ्यायचंच नाही. तिकडे ते रोजचं खाणं, आपल्याकडे दही असतं तसं. भाव सात शेकेलच्या वर गेला होता. लोकांनी खरंच घेणं बंद केलं आणि सगळ्यात मोठ्या डेअरीला, त्नुवाला, तो 5.90 वर आणावा लागला. एकच वस्तू निवडली होती, सगळंच महागलंय असं म्हणत बसले नाहीत, मला त्यातलं हे सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं.

आणि तुमच्या मुंबईतच मुंबई ग्राहक पंचायत आहे, 1975 पासून. शेजारपाजारची घरं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात आणि माल घाऊक भावाने थेट येतो. कंपनीला लिहायचंच तर अशा संघाच्या नावाने लिहा, खाली पंधरावीस घरांच्या सह्या, मग ते पत्र कस्टमर केअरच्या मुलीकडे थांबत नाही.

सूनबाईंना सांगा की पुढच्या भिशीला एक पाकीट आणि एक वजनकाटा घेऊन जा, आपला स्वयंपाकघरातला छोटा. सगळ्या जणी घेतात असं एकच पाकीट निवडायचं, चहाचं म्हणा, तिथेच ग्रॅमचा भाव वाचायचा, गेल्या वर्षीचं बिल कुणाकडे असेल तर शोधायचं, आणि तिथल्या तिथे एकच मेल, सगळ्यांच्या नावानिशी. तुम्ही पण जा बरोबर काकू, आणि पत्राचा मसुदा तुम्ही सांगा, त्या टाइप करतील. उत्तर काय येतं ते मला कळवा, पुढच्या अंकात आपण ते छापू.